तीनशे मेणबत्त्यांचे शुद्धिपत्र

बाई,

तुमच्या निधनाची बातमी चार ओळींची झाली. मीच दिली. डेस्कवरच्या मुलीने फोनवर विचारले, "सर, ओळख काय लिहू? ज्येष्ठ शिक्षिका चालेल?" मी म्हणालो, चालणार नाही. त्या शिक्षिका नव्हत्या. महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. तिने तसे लिहिले. आडनाव बरोबर आले, वय बरोबर आले, उस्मानपुऱ्यातला पत्ता बरोबर आला. सकाळी अंक उघडून मी दोनदा तपासले. तुमच्या बाबतीत आमच्या वर्तमानपत्राने बिनचूक छापलेला हा पहिलाच मजकूर असावा.

त्या चार ओळींतले काही इथे पुन्हा लिहीत नाही. इथे लिहायचे आहे ते वीसेक वर्षे राहून गेलेले.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो गुरुवार होता. औरंगपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयाचा जिना अरुंद आणि उभा. तुम्ही वर आलात तेव्हा दम लागला होता, पण बसला नाहीत. कापडी पिशवीतून रविवारच्या पुरवणीचे कात्रण काढलेत आणि टेबलावर ठेवलेत. ते 'जुन्या वस्तू' हे सदर होते. त्या आठवड्यात मी औरंगपुऱ्यातल्या एका मंडपवाल्याच्या दुकानात टांगलेल्या गॅसबत्तीवर लिहिले होते. रॉकेलची, हवा भरायची, जाळी पेटवायची बत्ती. पूर्वी लग्नात, वरातीत, सभेत असायची ती.

"हे कोन लिवतं?" तुम्ही विचारलेत.

"मी."

"मोजली का तुम्ही?"

"काय?"

"बत्ती."

मला हसू आले. "टाकीवरच लिहिलंय, बाई. तीनशे."

"तीनशे काय?"

"मेणबत्त्या. म्हणजे तीनशे मेणबत्त्यांएवढा उजेड."

"कोनाच्या मेणबत्त्या?"

बातमीदारीत मला अनेक उलट प्रश्न विचारले गेले. मेणबत्ती कोणाची, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे केली आणि तुम्ही बसलात.

मग तुम्ही सांगितलेत. विजेचे दिवे येण्याआधी आणि आल्यानंतरही बरीच वर्षे उजेड मेणबत्तीत मोजत, आणि प्रत्येक देशाची मेणबत्ती वेगळी. इंग्रजाची देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची. फ्रेंचाची मेणबत्तीच नाही, तेलाचा दिवा, त्याचे नाव कार्सेल, आणि तो एकटा नऊ-दहा मेणबत्त्यांना भारी. जर्मनाचा एक ठरावीक उंचीच्या ज्योतीचा छोटा दिवा, त्याचे नाव हेफ्नर. ही सगळी मापे पुढे मोडीत निघाली. आता सगळ्या जगाचे एकच माप, कँडेला. जुन्या बत्तीचा आकडा नव्या मापात सांगायचा तर आधी ती बत्ती कोणत्या देशाची मेणबत्ती मोजते आहे ते बघावे लागते.

"तुम्ही लिवलंय, तीनशे मेणबत्त्या म्हणजेच तीनशे कँडेला. टाकीवर तीनशेच्या पुढं दोन अक्षरं व्हती का नव्हती?"

होती. एच आणि के. मला वाटले होते कंपनीचे नाव असेल.

"एच म्हंजे हेफ्नर. के म्हंजे मेणबत्ती, त्यांच्या बोलीत. जर्मनाची मेणबत्ती बारीक. त्याच्या धा लावल्या तर आजच्या नऊ. तीनशेच्या झाल्या दोनशे सत्तर. तीसचा घोळ घातला तुम्ही."

"तीस मेणबत्त्यांनी असा काय फरक पडतो?"

हे मी विचारायला नको होते. तुम्ही कात्रणाची घडी घातलीत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "माझं मॅट्रिक सहा मेणबत्त्यांत झालं. कंदील व्हता घरात. पुढं नोकरी लागल्यावर मोजला मी त्यो. सहा भरला. तीस म्हंजे तसले पाच कंदील. पाच पोरी शिकल्या असत्या त्यात, संपादक."

मी संपादक नव्हतो. पुरवणीत उपसंपादक होतो. हेही तुम्हाला माहीत होते. तरी शेवटपर्यंत तुम्ही मला तेच म्हणत राहिलात, आणि ते कौतुकाने नव्हते.

शुद्धिपत्र छापा, एवढीच तुमची मागणी होती. मी ती आमच्या संपादकांकडे नेली. त्यांनी मान वर केली नाही. "शुद्धिपत्र माणसाचं निघतं. नाव चुकलं, वय चुकलं, जिवंत माणसाला मेला म्हणून छापलं, तर. मेणबत्तीची तक्रार आलीय का?"

"एक बाई आल्या आहेत."

"मेणबत्ती स्वतः आली की सांग."

मी बाहेर येऊन तुम्हाला हे शब्दशः सांगितले. तुम्ही रागावला नाहीत. "व्हय का," म्हणालात. आणि पुढच्या गुरुवारी पिशवीत चार मेणबत्त्या घेऊन आलात.

गुरुवारी दुपारनंतर तुमची प्रयोगशाळा रिकामी असायची. आमच्याकडे तेव्हा डार्करूम रिकामी झाली होती. छायाचित्रकारांच्या हाती डिजिटल कॅमेरे आले होते आणि त्या दहा-बारा फुटांच्या काळ्या खोलीत आता जुने अंक आणि मोडका पंखा ठेवलेला असायचा. भर दुपारी पूर्ण अंधार मिळेल अशी शहरात दुसरी जागा नव्हती, असे तुमचे मत. आमचे शिपाई रशीदभाई यांनी अंक एका बाजूला रचून दिले, हवा बाहेर टाकणारा पंखा चालू करून दिला आणि दारात उभे राहून म्हणाले, "बाई, लाइट तो वैसे भी रोज जाती. अंधेरा ढूँढने को इधर कायको आते?"

"तो अंधार फुकटचा, रशीदभाई," तुम्ही म्हणालात. "ह्यो मापाचा पायजे."

उजेड मोजायचे यंत्र तुम्ही माझ्यासमोर पाच मिनिटांत केलेत. आमच्याच छपाईचा कोरा कागद घेतलात, त्याच्या मध्यावर करडईच्या तेलाचा रुपयाएवढा डाग पाडलात आणि तो पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून बसवलात. कागदाच्या एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला मोजायचा दिवा. ज्या बाजूने उजेड कमी, त्या बाजूने डाग उजळ दिसतो. दिवा मागेपुढे सरकवत राहायचे. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला की डाग नाहीसा होतो. मग फूटपट्टी लावायची. अंतर दुप्पट असेल तर दिवा चौपट, तिप्पट असेल तर नऊपट. मी आयुष्यभर छापील कागदाकडे बघत आलो होतो. त्यावरचा डाग डोळ्यांदेखत नाहीसा होताना पहिल्यांदा पाहिला.

मेणबत्ती मापाची आहे हे कसे ठरवायचे? इंग्रजाच्या नियमात ती ताशी एकशेवीस ग्रेन जळायला हवी. हा आकडा तुम्हाला आवडत नव्हता. एका गुरुवारी जिन्यातूनच हाक मारलीत, "संपादक! आठ मासे!"

एक तोळा म्हणजे एकशेऐंशी ग्रेन. एकशेवीस ग्रेन म्हणजे दोन तृतीयांश तोळा. तोळ्याचे मासे बारा. म्हणजे साहेबाची मेणबत्ती ताशी बरोबर आठ मासे जळत होती, आणि हे साहेबाने कुठेच लिहिलेले नव्हते. त्यानंतर तुम्ही ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मेणबत्त्या तोलायला लागलात. जाळण्याआधी एकदा, तासाभराने एकदा. बाजारातल्या सात प्रकारच्या मेणबत्त्यांतून एक निवडलीत. सराफ गिऱ्हाइकांना सांगायचा, या बाई मेणाचे दागिने करणार आहेत.

जर्मनाच्या दिव्याचा गुरुवार माझ्या कार्यालयात अजून सांगितला जातो. तो दिवा ज्या द्रवावर जळतो तो तुम्ही महाविद्यालयातून रीतसर नोंदवहीत सही करून आणला होता. रशीदभाईंनी पितळेची नळी घासूनपुसून दिली. ज्योत बरोबर चाळीस मिलिमीटर उंच ठेवायची होती, त्यासाठी तुम्ही पट्टी धरून गुडघ्यावर बसला होतात. त्या द्रवाला पिकल्या केळ्याचा वास येतो हे तुम्ही आधी सांगितले नव्हते. दहा मिनिटांत सगळा मजला केळ्याच्या वासाने भरला. जाहिरात विभागातले दोघे टेबलांखाली वाकून बघत होते. आमचे संपादक केबिनबाहेर आले आणि म्हणाले, "कोणी आणलीत केळी? वाटत का नाही?"

"साहेब, मेणबत्ती आलीय," मी डार्करूमच्या दारातून म्हणालो. "स्वतः."

ते आत आले. ज्योत पाहिली, डाग पाहिला, तुम्ही नमस्कार केलात तो घेतला. शुद्धिपत्राचे मात्र नाव काढले नाही.

तुमच्या वहीत एका पानावर तक्ता तयार होत होता. डावीकडे जुने माप, उजवीकडे कँडेला. कार्सेल, पावणेदहा. हेफ्नर, शून्य पूर्णांक नव्वद. व्हिओल, वीस. व्हिओल म्हणजे वितळलेल्या प्लॅटिनमचा चौरस सेंटिमीटरभर उजेड, हे सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हते. "प्लॅटिनम वितळवून उजेड मोजत्यात! आन आमच्याकडं रॉकेलला रेशनची लाइन."

आपला वाद याच वहीवरून चालायचा. माझे म्हणणे असे की वाचकाला 'सुमारे' पुरते. सुमारे तीनशे मेणबत्त्या लिहिले की चूक उरत नाही. बातमीत हा शब्द आम्ही सगळेच वापरतो. सुमारे दोनशे लोक जमले होते. सुमारे अर्धा तास वाहतूक थांबली. तुम्ही ऐकून घेतलेत आणि म्हणालात, "सुमारे लिवा की. कोन नको म्हनतंय? पन किती सुमारे, ते बी लिवा." त्यानंतर माझ्या लिहिण्यात तो शब्द कमी झाला, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. आज सांगतो.

या सगळ्याच्या मुळाशी काय होते ते मला कळायला वर्ष लागले. एका गुरुवारी तुम्ही फुलंब्रीहून एसटीने थेट कार्यालयात आलात. मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणलेली बत्ती होती. तुमच्या वडिलांची. ते फुलंब्रीत लग्नाला, जयंतीला बत्ती भाड्याने द्यायचे आणि वरातीपुढे ती स्वतः डोक्यावर घेऊन चालायचे. त्यांना वाचता येत नव्हते. बत्ती विकणाऱ्याने सांगितले होते, तीनशे मेणबत्त्या. ते तेच पुढे सगळ्यांना सांगत. एका मोठ्या घरच्या वरातीत कोणी तरी थांबवून म्हणाले, "तीनशे म्हणे! मोजून दाखव की रे." सगळे हसले. बत्ती डोक्यावर होती, त्यामुळे त्यांना मानही हलवता येत नव्हती.

"घरी यून हसत सांगितलं बापानं," तुम्ही म्हणालात. "मला हसू नाय आलं. मी इचारलं, मग मोजली का नाय? तर म्हनला, मेणबत्त्या कोन मोजतं का येडे?"

भौतिकशास्त्र तुम्ही का घेतलेत हे मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

बत्ती साफ केली, नवी जाळी बांधली, हवा भरली. रशीदभाई पंख्याजवळ उभे. इंग्रजी मापाची मेणबत्ती, कँडेलाच्या जवळपास बरोबरीची, कागदापासून अर्ध्या फुटावर ठेवली. बत्ती मागे सरकवत नेली. पाच फूट, सहा, सात. डाग अजून दिसत होता. बरोबर आठ फुटांवर तो गेला. अर्धा फूट आणि आठ फूट. अंतर सोळा पट.

"सोळा सोळे दोनशे छप्पन्न," तुम्ही म्हणालात आणि वहीत लिहिलेत.

"तीनशे नाहीत," मी म्हणालो. "आणि तुमच्या दोनशे सत्तर पण नाहीत."

"म्हातारी हाय ती. जाळी बी बाजारातली. चौदा मेणबत्त्या वयात गेल्या." बत्तीची हवा सोडली, मेणबत्ती विझवली तेव्हा तुमचा चेहरा मला दिसला नाही, कारण खोलीत मापाचा अंधार होता. आवाज ऐकला. "पन बाप खोटं बोलत नव्हता. जे लिवलं व्हतं तेच सांगत व्हता. कमी पडलं ते जर्मनाचं."

रशीदभाई म्हणाले, "बाई, अब्बा पास हो गए."

त्या दिवशी तुम्ही दोन कप चहा घेतलात. एरवी एकच घेत होता.

तुमची मागणी त्यानंतरही तीच राहिली. दर गुरुवारी जिना चढून आलात की पहिला प्रश्न, "काय संपादक, निघालं का शुद्धिपत्र?" आणि माझे उत्तर, "बघू पुढच्या आठवड्यात." काही वर्षांनी आमचे संपादक निवृत्त झाले. पुरवणी माझ्याकडे आली. चौकट टाकायला मला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. तीन ओळी होत्या. मी त्या लिहून ठेवल्या होत्या. दर आठवड्याला पान लावताना त्या बाजूला काढून ठेवत होतो.

कारण आता सांगता येते. ते शुद्धिपत्र छापले असते तर वाद मिटला असता. वाद मिटला असता तर गुरुवारी जिना चढून यायला तुम्हाला कारण राहिले नसते. तुम्ही निवृत्त झालात, गुडघे दुखायला लागले, मग मी उस्मानपुऱ्यात यायला लागलो. तेव्हाही कारण तेच होते. मी दारात आलो की तुम्ही विचारायचे, मी बघू म्हणायचे, मग चहा. आपल्या दोघांत दुसरे नाते नव्हते. नातेवाईक नाही, एका गावचे नाही, एका जातीचे नाही, एका धंद्याचे नाही. एक चूक होती फक्त, माझी. ती मी सांभाळून ठेवली.

शेवटच्या भेटीत तुम्ही पलंगावर बसून नव्या बल्बचे खोके वाचत होता. तुमची मुलगी वंदना म्हणाली, "काका, हिला सांगा. बल्ब लावायचा असतो, वाचायचा नसतो."

"बघा संपादक," तुम्ही खोके माझ्याकडे केलेत, "आता ल्यूमेन लिवत्यात. माप परत बदललं. मोजनारे कोन ऱ्हायले?" मग नेहमीचा प्रश्न विचारलात. मी नेहमीचे उत्तर दिले. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला ते हसणे ओळखीचे वाटले आणि कशाचे ते लक्षात आले नाही.

परवा वंदनाने वही दिली. "तुमच्यासाठीच ठेव म्हणाली होती." तक्त्याचे पान सहज सापडले, तेच सर्वांत मळलेले आहे. हेफ्नरच्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने बारीक अक्षर आहे. शेजारी तुमच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षाची तारीख. म्हणजे ते अनेक वर्षांपूर्वीचे आहे.

*नव्वद हा आकडा पिवळ्या ज्योतीचा. जाळीचा उजेड पांढरा. पांढऱ्याला ब्याण्णव धरावे. तीनशेचे दोनशे शहात्तर होतात. माझी चूक. संपादकांना सांगायचे.*

आणि खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखे, दोनच शब्द.

*घाई नाही.*

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. दोनशे सत्तर आणि दोनशे शहात्तर. फरक सहाचा. सहा मेणबत्त्या किती असतात ते तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

म्हणजे इतकी वर्षे तुमच्याकडेही एक शुद्धिपत्र पडून होते, आणि तुम्हीही ते दर गुरुवारी बाजूला काढून ठेवत होता. ते हसणे कशाचे होते ते मला आता कळले. बरे वाटले, बाई. हे वाक्य स्मृतिलेखात बसत नाही, पण बिनचूक आहे.

आता थांबवायचे कारण उरलेले नाही. मजकूर सोबत देतो. यात 'सुमारे' नाही. तपासून घ्यायला तुम्ही नाहीत, म्हणून वंदनाकडून तपासून घेतला.

*शुद्धिपत्र : 'जुन्या वस्तू' या सदरातील गॅसबत्तीवरील लेखात 'तीनशे मेणबत्त्या म्हणजेच तीनशे कँडेला' असे प्रसिद्ध झाले होते. त्या मेणबत्त्या जर्मन मापाच्या आहेत. तीनशे कँडेलाऐवजी दोनशे शहात्तर कँडेला असे वाचावे. फुलंब्रीची एक जुनी बत्ती प्रत्यक्ष मोजली असता दोनशे छप्पन्न भरली. ती घेऊन चालणाऱ्याने कधीही वाढवून सांगितले नव्हते. चुकीबद्दल दिलगीर आहोत. उशिराबद्दल नाही.*